मीटर पहाटे बुडवा

प्रश्न : परसात १२,००० लिटरचं तळं आहे, खोली दीड मीटर. त्यात १४ कोई (शोभेचे रंगीत मासे) आहेत. दोन ६० सेंटिमीटरच्या वर, बाकीचे ३५ ते ४५. पंपाने पाणी फिल्टरच्या टाकीत जातं आणि तिथून छोट्या धबधब्यावरून तळ्यात पडतं. आवाजामुळे धबधबा रात्री दहाला बंद करतो, सकाळी आठला चालू. फिशटँकचा एक छोटा एअर पंप आणि एक एअर स्टोन (पाण्यात बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) मात्र रात्रभर सुरू असतो. गेले दोन आठवडे खूप उकडतंय. पाणी २८ अंशांवर गेलंय आणि हिरवं झालंय. पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, दहापर्यंत सगळे ठीक असतात. परवा सकाळी सर्वांत मोठा मासा मेलेला मिळाला. अंगावर जखम नाही, डाग नाही. लहान मासे धडधाकट आहेत. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. ऑक्सिजन मीटर आणून दुपारी चारला मोजलं तर ११ मिलिग्रॅम प्रति लिटर आलं, म्हणजे ऑक्सिजन तर भरपूर आहे. मग हा आजार कोणता? औषध कोणतं टाकू? आणि दुसरा मोठा मासा वाचवण्यासाठी त्याला वेगळ्या टाकीत हलवू का?

उत्तर : नमस्कार. इतकी वर्षं जपून वाढवलेला मासा एका रात्रीत जावा, हे फार वाईट झालं. उरलेल्या तेरा माशांसाठी आज रात्रीपासूनच काम सुरू करायला हवं, म्हणून आधी मुद्द्याचं सांगतो. तुमच्या वर्णनातून रोग दिसत नाही. तुमच्या तळ्यातला ऑक्सिजन रात्री संपतोय, आणि दुपारी चारला आलेला ११ हा आकडा त्याचाच पुरावा आहे.

२८ अंशांच्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त ७.८ मिलिग्रॅम प्रति लिटर एवढाच ऑक्सिजन मावतो. तुमच्याकडे ११ आले, म्हणजे सुमारे १४० टक्के. हा जादा ऑक्सिजन धबधब्याने आणलेला नाही. धबधबा पाण्याला ७.८ च्या वर नेऊ शकत नाही, उलट वर गेलेलं पाणी खाली आणतो. तो आणला पाणी हिरवं करणाऱ्या सूक्ष्म शेवाळाने, भर उन्हात. अंधार पडला की तेच शेवाळ ऑक्सिजन तयार करायचं थांबतं आणि माशांच्या पंगतीला बसून तो खायला लागतं. म्हणून हिरव्या तळ्यात दुपारचा आकडा जितका चढलेला, तितका पहाटेचा घसरलेला असतो. सगळ्यांत खालचा आकडा सूर्य उगवायच्या थोडा आधी सापडतो, आणि त्या वेळी मीटर बहुधा कपाटात असतो.

ढोबळ हिशेब मांडून बघा. दोन मोठे मासे साडेतीन-साडेतीन किलोचे आणि बारा मासे सरासरी एक किलोच्या जरा वर, असे मिळून वीस किलो धरू. उबदार पाण्यात, पोटात खाणं असताना, एक किलो मासा तासाला साधारण २५० मिलिग्रॅम ऑक्सिजन घेतो. म्हणजे मासे तासाला ५ ग्रॅम. दाट हिरव्या पाण्यातलं शेवाळ आणि जिवाणू मिळून तासाला ३ ते ४ ग्रॅम सहज घेतात, तळाचा गाळ आणखी एक-दीड. एकूण १० ग्रॅम. संध्याकाळी सहाला १२,००० लिटरमध्ये ११ मिलिग्रॅमच्या हिशेबाने १३२ ग्रॅम साठा होता. अकरा तासांच्या रात्रीत ११० ग्रॅम गेले. त्याशिवाय ७.८ च्या वरचा काही भाग संध्याकाळीच हवेत उडून गेला. पहाटे पाचला लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास उरतात. वाऱ्याने आणि छोट्या एअर स्टोनने थोडी भर घातली असेल, म्हणून तेरा मासे वाचले. कोईला ६ च्या वर आराम असतो. ४ च्या खाली ताण सुरू होतो आणि ३ च्या खाली मासे पृष्ठभागाला तोंड लावतात.

मोठाच का गेला, याचंही उत्तर इथेच आहे. माशाचं वजन वाढतं त्या प्रमाणात कल्ल्यांचं क्षेत्रफळ वाढत नाही, त्यामुळे टंचाईत मोठ्या माशाची ओढाताण आधी होते. विषबाधेत सहसा उलट चित्र दिसतं, लहान मासे आधी जातात. सकाळी एकच मोठा मासा मेलेला, अंगावर खूण नाही, लहान मासे ठणठणीत आणि दहानंतर सगळं सुरळीत, ही जुळणी ऑक्सिजनच्या टंचाईचीच आहे. मेलेल्या माशाचं तोंड उघडं आणि कल्ल्यांची झाकणं पसरलेली होती का, हे आठवून बघा.

आता धबधब्याबद्दल. रात्री दहा ते सकाळी आठ तो बंद ठेवणं ही या तळ्यातली सगळ्यांत महागात पडलेली सवय आहे, आणि ती दोन बाजूंनी मारते. ज्या दहा तासांत बाहेरून ऑक्सिजन मिळायलाच हवा, त्याच तासांत तो थांबतो, ही एक बाजू. दुसरी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. फिल्टरच्या टाकीत पाणी थांबलं की तिथले जिवाणू साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन थोड्याच वेळात संपवतात. अमोनियाचं नायट्रेट करताना त्यांना एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो, इतकी त्यांची भूक मोठी. रात्रभरात टाकीतलं पाणी कुजकट होतं, आणि आठला पंप सुरू केल्यावर तेच पाणी पहिल्या लोंढ्यात तळ्यात येतं, मासे आधीच धापा टाकत असताना. एकदा पंप सुरू करताना धबधब्याच्या तोंडाशी नाक नेऊन बघा. सडक्या अंड्याचा वास आला तर आणखी पुरावा नको.

आज रात्री काय करायचं ते सांगतो. धबधबा बंद करू नका, आवाजाचं पुढे बघू. आज माशांना खायला घालू नका, उद्याही नाही. धडधाकट कोई उन्हाळ्यात आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही, पण पचनासाठी लागणारा ऑक्सिजन वाचतो. फिशटँकचा पंप दीड मीटर खाली हवा ढकलू शकत नसतो, स्टोनमधून चार बुडबुडे येत असले तरी ते फसवे. तो स्टोन ५०-६० सेंटिमीटरवर उचलून टांगा, तिथे जास्त हवा देईल. घरात जादा सबमर्सिबल पंप असेल तर तो पाण्यात ठेवून त्याचं तोंड वरच्या दिशेने तिरकं करा, पाणी उसळून पृष्ठभाग हलला पाहिजे. आणि पहाटे साडेचारला टॉर्च घेऊन जा.

त्या वेळी काय दिसतं ते नीट पाहण्यासारखं असतं. तोंड अर्धं बाहेर काढून मासा पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा ओठांनी ओढून घेत असतो, कारण हवेला टेकलेल्या त्या पातळ थरात ऑक्सिजन सर्वांत जास्त असतो. अंग तिरकं, शेपूट खाली, कल्ल्यांची झाकणं जोरात आणि पूर्ण उघडणारी. एका माशावर नजर ठेवून मिनिटाला किती वेळा झाकण उघडतं ते मोजा आणि लिहून ठेवा. दुपारी त्याच माशाचं पुन्हा मोजा. त्या दोन आकड्यांतला फरक मीटरइतकंच सांगून जातो.

मीटरबद्दल दोन शब्द, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. सूर्योदयाआधी अर्धा तास, सलग पाच दिवस, तीन ठिकाणी मोजा : धबधब्यापासून लांबच्या कोपऱ्यात तळाजवळ, मध्यावर, आणि पृष्ठभागाखाली एक वीत. त्याच दिवशी दुपारी चारलाही मोजा. पाण्याचं तापमान शेजारी लिहा. प्रोब, म्हणजे मीटरचं पाण्यात बुडवायचं टोक, पडदा असलेला, जुन्या पद्धतीचा असेल तर तो पाण्यात हळूहळू हलवत राहावं लागतं. स्थिर धरला तर स्वतःभोवतीचा ऑक्सिजन तोच खातो आणि आकडा खोटा खाली येतो. पडद्याखाली हवेचा बुडबुडा अडकलेला नाही ना, हेही बघा. मोजण्याआधी दमट हवेत, म्हणजे ओल्या स्पंजच्या डबीत, कॅलिब्रेट करा, म्हणजे आकडा जुळवून घ्या. समुद्रसपाटीपासून १,००० मीटर उंचीवर राहत असाल तर पाण्यात मावणारा ऑक्सिजन सुमारे ११ टक्क्यांनी कमी धरा. पहाटे ६ च्या वर आकडा आला तर तळं सुखात आहे. ५ ते ६ असेल तर हवा वाढवा, ४ ते ५ असेल तर खाणं बंद, आणि ४ च्या खाली आणीबाणी.

कायमचा उपाय म्हणजे बाहेरून हवा देणारा खराखुरा एअर पंप. तळ्यासाठी लिनियर डायफ्रॅम पंप (लवचीक पडदा मागे-पुढे हलवून हवा ढकलणारा) घ्या. दर हजार लिटरला मिनिटाला ५ लिटर हवा या मापाने तुम्हाला मिनिटाला ६० लिटरचा पंप लागेल. खोक्यावर छापलेला ६० हा आकडा बऱ्याचदा शून्य दाबाचा असतो. पंपाच्या तक्त्यात दीड मीटर खोलीला किती लिटर देतो ते पाहून निवडा. एक मीटर पाणी म्हणजे ०.१ बार दाब, त्यावर एअर स्टोनचा स्वतःचा अडथळा वेगळा.

हा पंप पुरेल का, हेही मोजता येतं. मिनिटाला ६० लिटर म्हणजे तासाला ३,६०० लिटर हवा, आणि तिच्यात जवळजवळ एक किलो ऑक्सिजन. सगळा पाण्यात उतरत नाही, बुडबुडा वर येईपर्यंत थोडासाच सुटतो. पाण्यात आधीच ६ मिलिग्रॅम असतील तर सव्वा मीटर खोलीवरून जेमतेम एक टक्का, म्हणजे तासाला १० ग्रॅम. तुमच्या तळ्याचा रात्रीचा खर्च तितकाच आहे. पाणी ४ पर्यंत उतरलं असेल तर ओढ दुप्पट होते आणि २० ग्रॅम जातात. म्हणजे हा पंप तळ्याला ६ च्या आसपास धरून ठेवेल, आणि धबधबा चालू असला तर वर शिल्लक राहील. बुडबुड्यांतून मिळणाऱ्या ऑक्सिजनइतकंच महत्त्वाचं काम बुडबुड्यांचा खांब करतो : तळाचं पाणी उचलून वर आणतो आणि हवेला भेटवतो. म्हणून स्टोन फार वर ठेवून चालत नाही.

पहाटे ऑक्सिजन उतरतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड चढलेला असतो, आणि तो रक्तात वाढला की माशाला असलेला ऑक्सिजनही नीट उचलता येत नाही. पृष्ठभाग खळबळला की हा वायू बाहेर पडतो. पहाटेचं रीडिंग ४ असलेल्या, ढवळत्या तळ्यातले मासे शांत दिसतात आणि तेवढ्याच आकड्यावर निवांत तळ्यातले धापा टाकतात, त्याचं एक कारण हे.

पंप बसवताना चुका कुठे होतात ते लक्षात ठेवा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. जमत नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेली की पाणी उलट ओढलं जाऊन पंपात शिरतं. पंपातून निघणारी हवा चांगलीच गरम असते, म्हणून तोंडाशी लावलेली साधी प्लास्टिकची नळी मऊ पडून निसटते. पहिला हातभर तुकडा रबराचा आणि मॅनिफोल्ड (हवा वेगवेगळ्या नळ्यांत वाटणारा जोड) धातूचा असावा. मॅनिफोल्डवरचे कॉक आवळून हवा कमी करू नका. दाब वाढून डायफ्रॅम तापतो आणि लवकर फाटतो. हवा जास्त वाटत असेल तर आणखी एक स्टोन लावा, किंवा एक कॉक उघडा ठेवून जादा हवा बाहेर सोडा.

स्टोन चार घ्या. तीन तळ्यात, सगळे एकाच खोलीवर, सव्वा मीटरच्या आसपास. एक वर आणि एक खाली ठेवलात तर सगळी हवा वरच्या स्टोनमधून निघून जाते आणि खालचा गप्प बसतो. नवीन पंप कमजोर निघाला अशी समजूत होते, तेव्हा अनेकदा एवढंच झालेलं असतं. स्टोन गाळावर टेकवू नका, वीट-दोन वीट उंच ठेवा. तळाच्या ड्रेनपासून हातभर तरी लांब, नाहीतर ड्रेनकडे सरकणारी घाण पुन्हा वर उसळते. चौथा स्टोन फिल्टरमध्ये, जिवाणूंचं माध्यम आहे त्या कप्प्यात. तो उथळ असतो, म्हणून त्याचा कॉक तेवढा थोडा आवळावा लागेल. जिथे घाण खाली बसायला हवी त्या पहिल्या कप्प्यात हवा देऊ नका.

दोन-तीन महिन्यांनी स्टोनमधून बारीक फेसाऐवजी दोन-चार ठिकाणांहून मोठे बुडबुडे येऊ लागले की तो चोंदला. बाहेर काढून वाळवा, व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, घासून धुवा. त्याने सुटला नाही तर नवीन घ्या. पंपाच्या हवा आत घेणाऱ्या बाजूचा स्पंज महिन्यातून एकदा धुवा. डायफ्रॅमचा संच आधीच आणून ठेवा आणि वर्ष-दीड वर्षाने बदला. पंपाचा सूर बदलला, घरघर वाढली किंवा हात लावल्यावर नेहमीपेक्षा जास्त चटका बसला, तर वाट पाहू नका. वीजजोडणीला गळती पकडून पुरवठा तोडणारा स्विच लावलेला असावा, आणि केबल सॉकेटच्या खाली झोळ पडेल अशी न्यावी म्हणजे थेंब सॉकेटकडे ओघळत नाहीत.

आता आवाज. तुमची झोप आणि शेजाऱ्यांची शांतता हेही खरंच. फिल्टरमधून बाहेर येणाऱ्या पाण्याला टी (तीन तोंडांचा पाइपजोड) आणि दोन कॉक बसवा. दिवसा पाणी धबधब्यावरून, रात्री दुसऱ्या पाइपने थेट तळ्यात. या पाइपचं तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली, किंचित वर वळवलेलं ठेवा. पाणी उकळल्यासारखं फुगून वर येतं, लाटा शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जातात आणि आवाज जवळजवळ होत नाही. पंप मात्र चोवीस तास चालला पाहिजे. एअर पंपाची गुणगुण भिंतीतून आणि लाकडी फळीतून घरात शिरते, म्हणून तो जाड रबराच्या चटईवर, भिंतीला न टेकवता ठेवा. खोक्यात ठेवणार असाल तर दोन समोरासमोरच्या बाजूंना मोठी भोकं पाडा. बंद खोक्यात तो स्वतःच्याच उष्णतेने मरतो, शिवाय तीच गरम हवा तळ्यात जाते.

पंपाच्या पाइपवर व्हेंचुरी (वाहत्या पाण्यात बाहेरची हवा ओढून घेणारी अरुंद नळी) बसवायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. काम करते, पण पंपाचा प्रवाह घटवते आणि तिचं हवा घेणारं भोक वारंवार चोंदतं. जोडीला चालेल, भरवसा तिच्यावर नको. पंपाच्या आधीच्या, म्हणजे ओढणाऱ्या बाजूच्या पाइपला मात्र बारीक चीर पडून हवा शिरत असेल तर ती ताबडतोब बुजवा. तिथे शिरलेली हवा दाबाखाली पाण्यात जबरदस्तीने विरघळते आणि माशांच्या परांत, कल्ल्यांत बुडबुडे धरतात. ऑक्सिजन वाढतोय म्हणून आनंदाने सोडून द्यायची ती गोष्ट नाही.

हिरव्या पाण्याचा बंदोबस्त करायचा, पण घाई नको. आजच शेवाळ मारणारं औषध टाकलंत तर सगळं शेवाळ एकदम मरेल, कुजेल, आणि त्या कुजण्याला जो ऑक्सिजन लागेल तो तुमच्या तळ्यात नाही. क्रम असा ठेवा : आधी एअर पंप, मग आठवडाभर पहाटेचे आकडे, ते ६ च्या वर टिकले की मग यूव्ही क्लॅरिफायर (अतिनील दिव्याने हिरवं पाणी नितळ करणारं यंत्र). तोही सुरुवातीला रोज काही तास. तळाचा काळा गाळ व्हॅक्यूमने काढा, एका दिवसात सगळा ढवळू नका, आठवड्याला एक चतुर्थांश तळ पुरे. कमळं आणि तरंगत्या वनस्पती एक तृतीयांश पृष्ठभागाच्या वर जाऊ देऊ नका. त्याही रात्री ऑक्सिजन घेतात आणि हवेचा रस्ता अडवतात. दुपारच्या उन्हाला अर्धवट अडवणारी जाळी ताणली तर शेवाळ आणि तापमान दोन्हींवर लगाम बसतो. तापमानाचं महत्त्व आकड्यांतच दिसतं : १० अंशांच्या पाण्यात ११.३ मिलिग्रॅम मावतात, २० ला ९.१, ३० ला साडेसात. आणि दर १० अंशांनी माशाची गरज जवळपास दुप्पट होते. पाणी तापतं तसा पुरवठा घटतो आणि मागणी चढते.

खाणं पुन्हा सुरू कराल तेव्हा सकाळी दहाच्या आधी नाही आणि सूर्यास्ताच्या चार तासांच्या आत नाही. संध्याकाळी सातला दिलेलं खाणं रात्रभर ऑक्सिजन मागत राहतं. ढगाळ, कोंदट, वारा नसलेल्या दिवशी हात आखडता घ्या, आणि असे दोन दिवस सलग आले तर पूर्ण बंद. उन्हाशिवाय शेवाळ दिवसाही पुरेसा ऑक्सिजन करत नाही, साठा न भरताच रात्र सुरू होते. उकाड्यानंतर एकदम जोराचा पाऊस आला तरी जागे राहा. वरचं थंड झालेलं पाणी खाली जातं आणि तळाचं ऑक्सिजन नसलेलं पाणी वर येतं.

पाणी बदलताना बोअरचं पाणी वापरत असाल तर ते थेट तळाशी सोडू नका. जमिनीतून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन अगदी कमी आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर असू शकतो. झारीच्या तोंडाने, उंचावरून, फवारून सोडा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढा. त्याने कल्ले भाजतात, आणि भाजलेल्या कल्ल्यांना भरपूर ऑक्सिजनही उपयोगाचा नाही.

वीज गेली तर ६० लिटरचा एअर पंप साधारण ५० वॉट खातो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर बॅटरी निम्मी वापरायची म्हटलं तर ६०० वॉट-अवर, इन्व्हर्टरचं नुकसान वजा जाता ५०० च्या आसपास, म्हणजे दहा तास. एक रात्र निघते. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा घ्या, दुसऱ्या प्रकारावर लिनियर पंप घरघरतो आणि तापतो. बॅटरी नसेल आणि मासे वर आले असतील, तर बादलीने तळ्यातलंच पाणी उचला आणि छातीइतक्या उंचीवरून चाळणीतून पुन्हा तळ्यात ओता, न थांबता. दमवणारं काम आहे, पण मासे वाचतात. वीज आल्यावर फिल्टरचा खालचा व्हॉल्व्ह उघडून साचलेलं पाणी आधी बाहेर सोडा, मगच पंप तळ्याला जोडा.

औषधाबद्दल विचारलंत : कोणतंही टाकू नका. परजीवींसाठी वापरतात ते फॉर्मॅलिन तर या घडीला घातक ठरेल. लिटरला ५ मिलिग्रॅम फॉर्मॅलिन पाण्यातला १ मिलिग्रॅम ऑक्सिजन काढून घेतं, म्हणजे २५ मिलिग्रॅमच्या नेहमीच्या मात्रेत ५ मिलिग्रॅम गेले. तुमच्याकडे पहाटे तेवढे नाहीतच. पोटॅशियम परमँगनेटही शेवाळ मारून त्याच वाटेने नेतं.

हवा वाढवून पहाटेचं रीडिंग ६ च्या वर आलं आणि तरीही मासे धापा टाकत असतील, तेव्हा दुसरं कारण शोधायचं. दिवसभर धापा, कल्ले तपकिरी आणि नायट्राइट वाढलेलं असेल तर हजार लिटरला एक किलो साधं, आयोडीन नसलेलं मीठ, थोडं थोडं विरघळवून. क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरायला अटकाव होतो, फक्त तळ्यातल्या काही वनस्पतींना ते सोसणार नाही. कल्ले फिकट, चट्टेरी, शेंबडासारख्या थराने माखलेले असतील तर परजीवी, आणि तिथे मायक्रोस्कोपखाली पाहिल्याशिवाय औषध ठरवू नये. अमोनियाची चाचणी मात्र आतापासून संध्याकाळीही करा. हिरव्या पाण्याचा पीएच दुपारनंतर ९ च्या वर जाऊ शकतो आणि तेव्हा थोडासा अमोनियाही जास्त विषारी होतो.

दुसऱ्या मोठ्या माशाला हलवू नका. जाळ्यात सापडलेला मासा धडपडतो, आणि त्या काही मिनिटांत त्याची ऑक्सिजनची गरज एरवीच्या कित्येक पट होते. रात्री गुदमरून दमलेल्या माशाला ती सोसवेल याची खात्री नाही, आणि छोट्या टाकीत नवीन फिल्टरशिवाय त्याची अवस्था आणखी बिकट होईल. तो जिथे आहे तिथेच, नव्या एअर स्टोनजवळ त्याला राहू द्या. पहिले काही दिवस तो बुडबुड्यांच्या कडेला घुटमळेल, त्यात काळजीचं काही नाही. सलग पाच पहाटे ६ च्या वर आकडा आला आणि तो पहाटेही इतरांबरोबर तळाशी फिरताना दिसला, की दुपारी थोडं खाणं टाकून बघा. तो स्वतःहून वर आला तर हलवायचा विषय सोडून द्या. आला नाही, किंवा एकटाच बाजूला राहिला, तर भर दुपारी, हवा पूर्ण चालू असताना, पाण्यातच टबमध्ये घेऊन त्याचे कल्ले तपासा.